शेवटच्या पेशंटनंतर

कासिम आलं त्या दिवशी माझी बॅग तुटली.

हिवाळ्यात समुद्रावरून येणाऱ्या वादळांना आमच्या अलेक्झांड्रियात नावं असतात, आणि त्यात कासिम सगळ्यात उद्धट. छत्री उलटी करतं, केस विस्कटतं, बोलू म्हणून देत नाही. ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरून मी बहरी वस्तीतल्या त्या जुन्या इमारतीच्या दारापर्यंत धावले, आणि पहिल्याच पायरीवर बॅगेचा पट्टा तुटला. आमच्या कंपनीच्या नब्दिल गोळ्यांची सॅम्पलं, निळी-पांढरी चिमुकली खोकी, घरंगळत थेट डबक्यात!

"थांबा, थांबा… पाय देऊ नका!"

काखेत रोट्यांचं पुडकं धरलेला एक माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला. कोटाची कड पाण्यात लोळत होती, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. एकेक खोकं उचलायचा, स्वतःच्या स्वेटरला पुसायचा आणि माझ्या ओंजळीत ठेवायचा.

"एवढं सगळं तुम्हाला लागतं?" त्यानं विचारलं. "चेहऱ्यावरून तर ब्लडप्रेशर वाटत नाही."

"मला नाही हो. वरच्या डॉक्टरांना द्यायचीत."

"अरेरे. त्यांना आहे का?"

"असणारच! एमआर दिसला की वाढतं म्हणे त्यांचं. माझ्या आधीच्या मुलीला त्यांनी धड बसूसुद्धा दिलं नाही. फार खडूस माणूस आहे."

"हं…" तो गंभीर झाला. "ऐकलंय मीही. पण चहा बरा पाजतात म्हणे."

"एमआरला चहा कोण पाजतं?"

तो हसला. पापण्यांवर पावसाचे थेंब अडकले होते, आणि हसताना ते गालांवर उतरले. मी उगीचच ओंजळीतल्या खोक्यांकडे पाहत राहिले. मान वर केली तेव्हा जिना रिकामा होता.

वर दवाखान्यात उम्म सबरीनं मला आपादमस्तक न्याहाळलं. दाराशी बसून पेशंट आत सोडणारी ही बाई म्हणजे त्या मजल्यावरचं सरकारच. "एमआर? भिंतीकडच्या बाकावर बस. शेवटचा पेशंट गेला की मग. आणि ठिबकू नकोस, आत्ताच फरशी पुसलीय."

मी बसले. कोळी, कोळणी, बंदरावरचे हमाल, खोकणारी म्हातारी माणसं… एकेक आत जाऊन बाहेर आलं. शेवटी माझी पाळी आली. मी केस सारखे केले, ठेवणीतलं हसू चेहऱ्यावर चढवलं, दार उघडलं…

जिन्यावरचा तोच माणूस, अजून त्याच दमट स्वेटरमध्ये, उभा होता.

"बसा," डॉक्टर रऊफ म्हणाले. "चहा सांगितलाय."

*

कंपनीत आम्हाला एक गोष्ट घोटून घोटून शिकवलेली होती. आमचे मिदहतसर टेबलावर बोट आपटत सांगायचे, "माणूस आधी, गोळी मागून! डॉक्टरला चहात साखर किती लागते, कुठल्या संघासाठी ओरडतो, आईची तब्येत कशी आहे… सगळं लक्षात ठेवायचं. आणि निघेपर्यंत औषधाचं नाव त्याच्या कानात गुंजत राहिलं पाहिजे."

मी फार्मसी शिकलेली मुलगी. लक्षात ठेवणं मला जमायचं. दर मंगळवारी मी बहरीला जायचे, आणि दर मंगळवारी काहीतरी नवं माझ्या लक्षात राहायचं. ते चहा बिनसाखरेचा घेतात. पेशंटला तपासायच्या आधी स्टेथोस्कोप तळहातावर चोळून ऊबदार करतात. विचार करताना पेनचं टोपण दातात धरतात आणि मग ओशाळून खाली ठेवतात. वडिलांचाच हा दवाखाना आणि खुर्चीही वडिलांचीच. तिचा एक हात सैल झालाय, पण ते दुरुस्त करून घेत नाहीत.

यातलं कंपनीच्या कामाचं किती आणि माझं किती, हे मला कळेनासं झालं… पण ते बऱ्याच नंतर.

"तर डॉक्टर, नब्दिल—"

"आलं. मी वाटच बघत होतो, आज अजून नाव कसं नाही निघालं!"

"नब्दिल दिवसातून एकदाच घ्यावी लागते."

"आणि तुम्ही आठवड्यातून एकदाच येता." ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "डोस जरा कमी नाही वाटत?"

कान तापले माझे. चकचकीत कागदावरचे आलेख दाखवायला मी हात पुढे केला, तर आलेख उलटा धरलेला.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "असं पाहिलं तर ब्लडप्रेशर भलतंच वाढतंय तुमच्या गोळीनं."

"तुम्ही फार छळता हो डॉक्टर."

"खडूस आहे ना मी."

बाहेर उम्म सबरी मोठ्यानं खाकरायची. तिचं खाकरणं म्हणजे वेळ संपल्याची घंटा. पण हळूहळू ते उशिरा उशिरा यायला लागलं. एकदा मी निघताना ती माझ्या हातात गरम, दाट दुधाळ सहलबचा पेला ठेवत म्हणाली, "पी. आधी इथं एमआर यायच्या, त्यांचे डोळे औषधाच्या कपाटाकडे असायचे. तुझे भलतीकडेच असतात."

"काहीतरीच काय, उम्म सबरी!"

"मी काही बोलले का? मी म्हटलं, पी."

मंगळवार ते मंगळवार… बाकीचे वार नुसते ओलांडायचे असायचे. बुधवारी मी आदल्या दिवसाचं बोलणं आठवत ट्राममध्ये एकटीच हसायचे. शुक्रवारी समुद्रकाठच्या कठड्यावर बसून मक्याचं कणीस खाताना वाटायचं, ते या शहरात, याच हवेत कुठेतरी आहेत… आणि सोमवारी आई म्हणायची, "इनास, उद्या मंगळवार वाटतं? आरशापुढून हलत नाहीयेस."

वसंत लागेपर्यंत डॉक्टर रऊफ नब्दिल लिहायला लागले होते. कोण किती लिहितं ते आम्हाला खालच्या मेडिकलमधून कळायचं. मेडिकलवाले वगदी माझ्यावर मेहेरनजर केल्यासारखे सांगायचे, "तुमचीच चालू आहे, तुमचीच! मागच्या महिन्यापेक्षा जास्त."

मिदहतसर खूश. "काय जादू केलीस ग त्या दगडावर?"

मी हसले. पण रात्री पडल्या पडल्या तोच विचार वेगळ्या गोडीनं आला. लिहिताना त्यांना माझी आठवण येत असेल. गोळीच्या नावावर पेन फिरताना… एवढं मनात आलं आणि मी उशीत तोंड लपवलं.

*

मे महिन्यात वाळूचा गरम वारा सुटला होता तेव्हाची गोष्ट. कंपनीनं शर्म-अल-शेखला मोठी परिषद ठरवली होती. समुद्रकाठचं हॉटेल, दोन व्याख्यानं, बाकी पोहणं. चांगलं लिहिणाऱ्या डॉक्टरांना आमंत्रणं होती. रऊफ यांचं सोनेरी कडेचं आमंत्रण मिदहतसरांनी माझ्या हातात दिलं. "तूही चल तिथं, व्यवस्था बघायला."

शर्मला… ते आणि मी… काचेसारखं निळं पाणी… पूर्ण ट्रामभर मी तिथंच होते.

सवयीनं आधी मेडिकलमध्ये डोकावले. वगदींनी माझी नजर चुकवली.

"काय झालं?"

"दकतूरा," फार्मसी शिकलेल्यांनाही आमच्याकडे असंच, डॉक्टर म्हणतात, "कसं सांगू… डॉक्टरांनी तुमची बंद केलीय. महिना होत आला. जुन्या पेशंटांचीसुद्धा बदलली, पुन्हा आपली पहिलीच स्वस्तातली गोळी. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. गेले चारही मंगळवार मी त्या खुर्चीत बसून हसले होते. चहा प्याले होते. आणि त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं.

मी जिना चढले. आत गेले, आमंत्रण टेबलावर ठेवलं आणि बसलेच नाही.

"हे तुम्हाला. पण बहुतेक उपयोग नाही त्याचा. तुम्ही नब्दिल बंद केलीय म्हणे."

त्यांच्या हातातलं पेन खाली आलं.

"सांगणार होतो मी."

"कधी? मी दर आठवड्याला इथं येऊन वेड्यासारखी—" मी ते आमंत्रण टेबलावरून पुढे ढकललं. "माझी गोळी आवडत नाही तर तसं सांगायचं. मी येते ते आवडत नाही तर तसं…"

"इनास, खाली बस."

पहिल्यांदाच ते मला 'तू' म्हणाले. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी त्या एका शब्दावर आठवडा काढला असता.

मी बसले.

"अनफूशीच्या कोळीवाड्यातले गाबिरकाका आठवतात? जाळी विणतात ते. तू इथं असताना एकदा मासे घेऊन आले होते."

"हो."

"त्यांना मी नब्दिल लिहिली होती. त्यांना ती परवडत नव्हती. मला सांगायची लाज वाटली म्हणून एक दिवसाआड घ्यायला लागले. एक दिवस होडीतच कोसळले. जीव वाचला. पण उजवा हात… त्या हातानं आता गाठ मारता येत नाही."

खिडकीवर वाळू सरसरत होती.

"त्यांची बायको मला म्हणाली, डॉक्टर, आधीची गोळी तर बरी चालली होती, मग का बदलली? साधा प्रश्न. माझ्याकडे उत्तर नव्हतं, इनास. म्हणजे होतं, पण तिला सांगण्यासारखं नव्हतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काकांना नब्दिल लिहिली त्या दिवशी मंगळवार होता. तू बाहेर बाकावर बसली होतीस. दार उघडलं तेव्हा मला दिसलीस. तू आत आलीस की तुला काहीतरी चांगलं सांगता यावं असं वाटत होतं मला. तुझा चेहरा उजळतो ना तेव्हा… मी काकांना औषध लिहिलंच नाही. मी तुला चिठ्ठी लिहिली."

मी ज्या वाक्याची हिवाळाभर वाट पाहिली होती, ते हे असं आलं. आणि ते ऐकून मला रडू आवरेना.

"म्हणून बंद केलं," ते हळूच म्हणाले. "तुझ्यावरच्या रागानं नाही. तुझ्यासाठी जे वाटतं त्याचा भुर्दंड दुसऱ्या कुणाला नको म्हणून. आणि तुला सांगितलं नाही, कारण… सांगितलं की तू यायची थांबशील. भीती वाटली."

"तुम्हाला वाटलं, मी फक्त गोळीसाठी येते?"

खुर्चीचा सैल हात त्यांनी जागेवर दाबून धरला. मग म्हणाले, "माझा चहा तुझ्या लक्षात आहे. माझ्या आईच्या गुडघ्याचं लक्षात आहे. ही खुर्ची वडिलांची आहे हेही. मला कधी कळलंच नाही, हे सगळं इनासला आठवतं की कंपनीच्या मुलीला."

मी तोंड उघडलं. 'इनासला' म्हणायचं होतं. अगदी ओठांवर होतं. पण मिदहतसरांचं टेबलावर आपटणारं बोट मधे आलं. माणूस आधी, गोळी मागून… मी पहिला चहा लक्षात ठेवला तो कुणासाठी? खरं सांगायचं तर, त्यांच्यासाठी नाही.

"मलाही नीट कळत नाहीये," मी म्हणाले. "आणि ते कळल्याशिवाय इथं बसून तुमच्याकडे बघणं… मला जमणार नाही, डॉक्टर."

"मग मी येतो तुझ्याकडे."

"नको. येऊ नका. ही गोळी वजा केली तर माझ्यात काय उरतं ते बघू दे मला."

सोनेरी आमंत्रण मी परत बॅगेत टाकलं. उम्म सबरी दारातच उभी होती. त्या दिवशी ती खाकरली नाही. ओढणीच्या टोकानं माझे डोळे पुसले आणि बाजूला झाली.

*

तिथून मी घरी गेले नाही. अनफूशीला गेले. गाबिरकाका ओट्यावर बसले होते. जाळ्याची कड पायाच्या अंगठ्यात अडकवून डाव्या हातानं ओढत होते. ओळखलं त्यांनी मला.

"ये पोरी, ये. डॉक्टरांकडची ना तू? बघ, देवानं एक हात शिल्लक ठेवलाय. अगं ए, हिला चहा दे!"

त्यांच्या बायकोनं चहा दिला. मी 'मला माफ करा' म्हणाले, तेव्हा ती चकित झाली. "तू काय केलंस ग बाई?"

मला सांगता आलं नाही. मीच ती गोळी गोड बोलून विकते, एवढंही नाही. दुसऱ्या आठवड्यात मी कंपनी सोडली. मिदहतसरांना वाटलं, मला दुसऱ्या कंपनीनं फोडलं. पगार वाढवतो म्हणाले. आई तर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

दमनहूरच्या सरकारी इस्पितळात औषधाच्या खिडकीवर जागा मिळाली. रोज सकाळी गाडीनं जायचं, दुपारी गाडीनं यायचं. खिडकीपुढे रांग. शेतावरच्या बायका, कडेवर पोरं, पिशवीत औषधांच्या रिकाम्या पट्ट्या. "ही सकाळी. ही झोपताना. अर्धी करायची नाही, ताई. संपली की परत या, फुकट आहे."

तिथं कुणाला काही विकायचं नव्हतं. आणि तरी माझ्या सगळं लक्षात राहायला लागलं. कुणाचा नवरा आखातात आहे, कुणाला वाचता येत नाही, कुणाची सून गोळ्या वेळेवर देत नाही… कुणी सांगितलं नव्हतं लक्षात ठेवायला. एक दिवस हे ध्यानात आलं, आणि खिडकीत बसल्या बसल्या मला रऊफांचा इतका तीव्र आठव आला की पुढची बाई म्हणाली, "दकतूरा, तुमची तब्येत बरी नाही का?"

तब्येत बरीच होती. फक्त मंगळवार होता.

मी त्यांना कळवू शकले असते. पण मीच नको म्हणाले होते, आणि त्यांनी तो शब्द पाळला होता. इतका पाळला की मला त्याचाच राग यायचा. एवढं कुणी ऐकतं का? परतीच्या गाडीत खिडकीबाहेर भातशेतं मागे पळायची, कालव्यावर बगळे उभे असायचे… आणि मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायचे. भांडणात तेच जिंकायचे. मला हसवून.

उन्हाळा गेला. समुद्रावरून पहिला गार वारा आला, पेरूच्या गाड्या रस्त्यावर आल्या.

अशाच एका दुपारी, खिडकीत मान खाली घालून मी पुढच्या माणसासाठी हात पुढे केला.

"कुणाचं आहे औषध?"

"माझं."

हात तसाच राहिला. मान वर करायचा धीर होईना.

"तुम्हाला… नको म्हटलं होतं मी."

"किती दिवस नको ते सांगितलं नव्हतंस. मी वाट पाहिली. मग वगदींना विचारलं, ते म्हणाले दमनहूर." ते खिडकीशी वाकले. "इनास, परत जा म्हण, जातो. पण एकदा माझ्याकडे बघून म्हण."

मी पाहिलं. बारीक झाले होते. दाढी नीट केली होती, पण एका बाजूला राहून गेली होती. म्हणजे सकाळी घाईत…

"ए दादा!" मागून एक म्हातारी कडाडली. "औषध घ्यायचं तर घे, नाहीतर सरक! माझी बस चुकायची!"

"मावशी, एकच मिनिट—"

"तुझं मिनिट मला कळतंय चांगलं! ए पोरी, काय ते हो किंवा नाही सांगून टाक त्याला. आम्ही काय उभ्यानंच म्हातारे व्हायचं? आहोतच आधी!"

सगळी रांग हसली. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मीही हसत होते.

"बाहेर लिंबाखाली बाक आहे," मी म्हणाले. "माझी रांग संपेपर्यंत थांबावं लागेल."

"थांबतो."

ते थांबले. मी एकेकीला औषध दिलं, समजावून सांगितलं, कुणालाच घाई केली नाही. मधेच मी मान उंच करून बघायचे. बाकावर सावली सरकत होती, आणि ते सावलीबरोबर सरकत होते.

स्टेशनवर आम्ही फलाटाच्या टोकाला बसलो. मधे एक माणूस बसेल एवढं अंतर होतं. ते हळूहळू कमी होत होतं.

"काही आणावं असं वाटलं होतं," रऊफ म्हणाले. "फुलं बघितली. मिठाई बघितली. मग म्हटलं, काहीही नेलं तर ही म्हणेल, सॅम्पल घेऊन आले."

"मग काहीच नाही आणलं?"

"नाही. नुसता मीच."

"बरं केलंस," मी म्हणाले.

माझ्या तोंडून तो एकेरी शब्द निसटला तसे ते एकदम माझ्याकडे वळले. मी रुळांकडे बघत राहिले.

"आणि हे… कसं घ्यायचं?" मी विचारलं.

"रोज. चुकवायचं नाही."

"किती दिवस?"

"एकदा सुरू केलं की…" त्याचा हात माझ्या हाताजवळ येऊन थांबला. तळहात आधी त्यानं दुसऱ्या हातावर चोळला होता, ऊबदार होईपर्यंत. "मला वाटतं, जन्मभर."

"त्रास काय होतो?"

"झोप उडते. माझी तर उडालीच आहे."

मी माझा हात त्याच्या हातात दिला.

अलेक्झांड्रियाची गाडी आली, धापा टाकत उभी राहिली. लोक चढले, उतरले. गार्डनं शिट्टी वाजवून आमच्याकडे पाहिलं, काय चढताय का म्हणून. आम्ही दोघंही उठलो नाही. गाडी गेली. म्हटलं, पुढची असेलच की.